हरेश्वरचे स्वच्छ आकडे

तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बातम्या लिहिल्या. त्यांतली एक दिली नाही. ती अजून माझ्याकडेच आहे — बायकोला ठाऊक नाही, मुलाला ठाऊक नाही, आणि ज्या माणसाची ती होती त्यालाही शेवटपर्यंत कळली नाही. आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

आमच्या कचेरीत नवी मुलं आली की मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगत असे — बातमीत ‘मी’ येत नाही. कोण, काय, कधी, कुठे, लिहिणारा बाहेर. या नियमाने मला किती सांभाळलं ते आता कळतं. कारण या बातमीतला ‘कोण’ मी आहे.

हरेश्वरपासून सुरू करतो. तो कोपरीतल्या कोळ्याच्या घरातला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. चौऱ्याण्णव साली तो छत्तीस वर्षांचा होता आणि साठीचा दिसत होता. केस पांढरे. गळ्याची कातडी लोंबलेली. बोटांची त्वचा कागदासारखी पातळ, नखांवर उभ्या चिरा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकदा आम्ही दोघं वर्तकनगरच्या बसमध्ये चढत होतो. कंडक्टर म्हणाला, “आजोबा, सावकाश.” हरेश्वर पायरीवरच थांबला. “आजोबा कोनाला बोलतोस रे? माजी धाकटी अजून बालवाडीत जाते!” सगळी बस हसली. एका कॉलेजच्या मुलीने उठून त्याला जागा दिली. तो बसला नाही. मीही हसलो होतो. ते आधी नोंदवून ठेवतो.

आमची ओळख त्याच्या दहा वर्षं आधीची. वर्तमानपत्रात जाण्यापूर्वी दोन वर्षं मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत कारकून होतो. कंपनी कधीच बंद झाली. नाव सांगून उपयोग नाही. काम वेल्डिंग तपासण्याचं. बॉयलरचा किंवा मोठ्या पाइपाचा जोड आतून पक्का आहे का, हे फोडून बघता येत नाही. म्हणून जोडाच्या एका बाजूला किरणोत्सारी पदार्थ ठेवायचा, दुसऱ्या बाजूला फिल्म, आणि फोटो काढायचा — डॉक्टर हाडाचा काढतो तसा. तो पदार्थ एका जड पेटीत असे. पेटीला सगळे कॅमेरा म्हणत. हँडल फिरवलं की केबलच्या टोकाचा बोटभर तुकडा नळीतून बाहेर सरके, ठरलेली मिनिटं जोडाजवळ थांबे आणि परत आत येई. याला शॉट म्हणत. डोंबिवलीच्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी; त्या दिवशी तिथे दुसरं कुणी नसे, म्हणून आमची माणसं दिवसभर शॉट मारत.

या माणसांना छातीवर लावायला एक बॅज मिळे. चपटी डबी, आत फिल्मचं बंद पाकीट. अंगावर जितके किरण पडतील तितकी ती फिल्म काळी होते. महिनाअखेर पाकिटं मुंबईच्या प्रयोगशाळेत जात, नवी येत, आणि काही आठवड्यांनी प्रत्येकाच्या नावापुढे आकडा येई. आकडा मर्यादेच्या वर गेला तर माणसाला साइटवरून उठवायचं आणि चौकशी लावायची. पाकिटं बदलणं, रजिस्टर ठेवणं, खाली सही करणं — हे माझं काम. म्हणून सगळे मला मास्तर म्हणत.

आता आमच्याकडची रीत सांगतो. साइटवरून उठवलं की भत्ता बंद होई. त्यामुळे साइटवर निघताना माणसं बॅज काढून माझ्या टेबलाच्या खणात ठेवत. छातीवर काही नसे. खणातल्या फिल्मवर अर्थातच काही उमटत नसे. दर महिन्याला आकडे स्वच्छ. बॅज माणसाला वाचवायला दिलेला होता आणि माणसं बॅजला वाचवत होती. हे सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या — ज्यांचा बॅज खणात असे, ती माणसं साइटवर सावध असत. आपला आकडा खोटा आहे हे त्यांना ठाऊक होतं. ती लांब उभी राहत, भिंतीआड जात, मिनिटं मोजत.

हरेश्वर बॅज काढत नसे. दहा माणसांत तो एकटाच. त्याच्या आईने तो बॅज शेजारच्या बायकांना दाखवला होता — “दर महिन्याला सरकार बघतंय माज्या पोराकडं.” त्यालाही तसंच वाटे. साहजिकच प्रत्येक महिन्याला त्याचा आकडा येई, आणि तो वर वर सरकत होता.

एके दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं. समोर प्रयोगशाळेचा कागद होता. नऊ नावांपुढे शून्य, आणि दहाव्यापुढे मर्यादेला टेकलेला आकडा. चौकशी आली तर पहिला प्रश्न हाच येणार — एकच काम करणाऱ्या दहा माणसांत नऊ कोरे कसे? आणि रजिस्टरवर सही कुणाची? साहेब रागावले नाहीत. “बघा काय ते,” एवढंच म्हणाले. काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. पुढचं मी केलं.

आधी हरेश्वरला विनवून पाहिलं. तूही खणात ठेव, सगळे ठेवतात. तो म्हणाला, “मग तो घालायचा कदी, मास्तर? लग्नात?” बाकीचे हसले. मला हसू आलं नाही. मला सही दिसत होती.

मग मी जे केलं ते असं. पुढच्या महिन्याची पाकिटं आली तेव्हा हरेश्वरच्या नावाचं पाकीट मी खणात टाकलं. त्याच्या डबीत जुनं, बाद झालेलं एक पाकीट भरलं. डबी बंद केली. सकाळी तो आला, मी ती त्याच्या हातात दिली. त्याने ती छातीवर लावली, खिशाच्या वर, नेहमीच्या जागी. “चला,” म्हणाला, आणि गेला.

डबी उघडायची नाही अशी त्याला सूचना होती. सूचना मीच दिली होती. तो सूचना पाळणारा माणूस होता.

महिनाअखेर त्याच्या नावाचं पाकीट खणातून प्रयोगशाळेत गेलं. आकडा आला — शून्य. तो कागद मी त्याला दाखवला तेव्हाचा त्याचा चेहरा मला आजही आठवतो. त्याला वाटलं, आपला हात बसला. आता आपल्याला काम नीट जमायला लागलं. दुसऱ्या महिन्यात शून्य. तिसऱ्या महिन्यात शून्य. आणि मग — हे मला आधी दिसायला हवं होतं; दिसलं नाही असं म्हणणार नाही, दिसलं — तो धीट झाला. नळी अडकली की पुढे हरेश्वर. बाकीच्यांचे राहिलेले शॉट हरेश्वर. “तुमी ऱ्हावा मागं. माजा रिपोर्ट साफ हाय.” बाकीचे भिंतीआड उभे राहत आणि तो जोडाजवळ जाऊन नळी सरळ करी. ज्यांना आपला आकडा खोटा आहे हे ठाऊक होतं ते जपून राहिले. ज्याला तो खरा वाटत होता, तो पुढे गेला. त्याला तो खरा वाटत होता माझ्यामुळे.

थांबवता आलं असतं का? एका वाक्यात. रोज सकाळी तो माझ्या टेबलासमोर येत होता.

शहाऐंशीत मला वर्तमानपत्राच्या ठाणे कचेरीत नोकरी लागली. कंपनीत माझ्या जागी नवा कारकून आला. मी त्याला चार्ज दिला — रजिस्टर, शिक्के, प्रयोगशाळेचा पत्ता. आणि त्या यादीत, त्याच आवाजात, हेही सांगितलं, की हरेश्वरची डबी अशी भरायची. त्याने मान डोलावली. त्याला त्यात वेगळं काही वाटलं नाही. मी सांगितलंच तसं होतं. हरेश्वरने तिथे आणखी सहा वर्षं काढली. सहाही वर्षं स्वच्छ.

इथवर सांगितलं ते तरुणपणाचं भय म्हणून कुणी सोडूनही देईल. पुढचं तसं नाही. पुढचं घडलं तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो, मुख्य उपसंपादक होतो, आणि कुठल्याही साहेबाने मला काही बघायला सांगितलं नव्हतं.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर हरेश्वर कचेरीत आला. बरोबर त्याची बहीण तारा होती. त्याला एकट्याला रस्ता दिसत नसे. तारा त्याच्याहून बारा वर्षांनी धाकटी. कळव्यातल्या एका मुलाशी तिचं ठरलं होतं, साखरपुडा झाला होता. त्याच समारंभात मुलाकडच्यांनी हरेश्वरला पाहिलं आणि त्याला तिचा काका समजून नमस्कार केला. भाऊ आहे कळल्यावर कुजबुज सुरू झाली. छत्तिसाव्या वर्षी भाऊ असा, तर बहीण किती वर्षं टिकणार? यांच्या रक्तातच काही असेल तर?

डोळ्यांच्या डॉक्टरने त्याला विचारलं होतं, किरणांजवळ काम केलंत का? केलं, म्हणून हरेश्वरने त्याला फाइल दाखवली. माझ्या सहीची दोन वर्षं, नव्या कारकुनाची सहा. सुरुवातीचे काही महिने मर्यादेच्या आत, पुढे सगळी शून्यं. डॉक्टर म्हणाला, असे आकडे असतील तर कामाला दोष देता येत नाही. घराण्यात कुणाला आहे का बघा.

घराण्यात कुणाला नव्हतं. त्याचा बाप त्या वेळी सत्तरीचा होता आणि खाडीत होडी घालत होता.

हरेश्वरने फाइल माझ्या टेबलावर ठेवली. “मास्तर, रजिस्टर तुज्याकडं व्हतं. एकच सांग. माजे आकडे बरोबर व्हते ना? कोनाचं पाकीट माज्या नावावर, असं काय झालं नसंल ना?” चूक निघाली असती तर डॉक्टर तसं लिहून देणार होता. तो कागद तो कळव्याला नेणार होता — हे कामाने झालं, घरातलं नाही, पोरगी चांगली आहे. तो माझ्याकडे दोष द्यायला आला नव्हता. तो एक चूक शोधत होता, आणि ती सापडावी अशी त्याची इच्छा होती.

तारा माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, “बरोबर होते.”

चहा मागवला. दोघं चहा पिऊन गेले.

त्यानंतर मी एक लेख लिहिला. रविवारच्या पुरवणीसाठी, माणूस म्हातारा का होतो या विषयावर. विषय मीच सुचवला. का? हरेश्वरला काय झालं आहे ते मला जाणून घ्यायचं होतं, आणि वार्ताहर म्हणून विचारणं सोपं होतं. डोंबिवलीला लेले बाई म्हणून जीवशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका राहत. त्यांनी दोन तास दिले. त्यांनी मला कळेल असं सांगितलं. प्रत्येक पेशीत शरीराचा सगळा मजकूर असतो, डीएनएच्या लांब धाग्यावर. तो मजकूर सतत बिघडतो — उन्हाने, श्वासाने, पेशीच्या स्वतःच्या कामाने. “तुमच्याकडे मुद्रितशोधक असतात ना? पेशीतही असतात. धागा दुहेरी आहे. एक बाजू बिघडली की दुसरी बघून ती दुरुस्त करतात. पण दोन्ही बाजू एकाच जागी तुटल्या तर बघायचं कशात? मूळ प्रतच गेली.” मग पेशी अंदाजाने जोडते, चुका राहून जातात. वर्षं जातात तशा त्या साठतात. काही पेशी मरतात, काही मरत नाहीत पण नव्या घडवायचं थांबवतात. वार्धक्याचं हे एकच कारण नव्हे, त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या, पण मोठं आहे. काही माणसांत जन्मतःच ही दुरुस्ती कमी असते. ती लवकर म्हातारी होतात. असे रुग्ण फार विरळा.

आणि किरण? मी विचारलं.

ते दोन्ही बाजू एकदम तोडू शकतात, त्या म्हणाल्या. डोळ्याच्या भिंगात खराब पेशींना बाहेर टाकायची सोय नाही, म्हणून तिथे लवकर दिसतं. एखाद्या माणसाकडे बोट दाखवून, याला यामुळेच झालं, असं मात्र छातीठोक सांगता येत नाही. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, “कुणी आहे का तुमच्या ओळखीचं?”

“नाही. लेखापुरतं.”

लेख चांगला उतरला. जन्मतः दुरुस्ती कमी असणाऱ्यांवर एक परिच्छेद होता, किरणांवर एक. शनिवारी पान लावताना सोळा ओळी जास्त झाल्या. जाहिरात हलवता आली असती, चित्र लहान करता आलं असतं. मी किरणांचा परिच्छेद काढला. ‘फार विरळा’ हे शब्द जन्मतः दुरुस्ती कमी असणाऱ्यांच्या परिच्छेदाच्या शेवटी होते. तेही गेले, एक ओळ वाचली. छापून आलेलं प्रत्येक वाक्य शास्त्राला धरून होतं. आजही त्यात कुणी चूक काढू शकणार नाही. जागा नव्हती, असं मी मला सांगितलं. सोळा ओळींची जागा सापडू नये — माझ्यासारख्या माणसाला?

कळव्याच्या मुलाचा मामा आमचाच पेपर घेत असे. तो कात्रण खिशात घालून कोपरीला गेला. छापलेलं होतं, आणि लिहिणारा हरेश्वरचा मित्र होता. आणखी काय पुरावा हवा? साखरपुड्याची साडी परत गेली.

हरेश्वर पुन्हा आला. या खेपेला रागावेल असं मला वाटलं होतं. तो कौतुक करायला आला होता. “तुजाच लेख ना? ताराने वाचून दाखवला. चांगला लिवलायस, सगळं समजलं.” मग म्हणाला, “म्हंजी हे माज्यातच हाय. जन्मापासनं.”

तारानेच वाचून दाखवला होता. मोठ्याने, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत.

मी म्हणालो, शास्त्रात ठाम काही सांगता येत नाही. लेले बाईंचं वाक्य. ते त्यांनी सावधपणासाठी वापरलं होतं. मी त्या वाक्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. आणि तिथेच पाच वर्षं उभा होतो.

त्या दिवशी घरी गेल्यावर हरेश्वरने ताराची माफी मागितली. हे मला त्याच्या बायकोने नंतर सांगितलं. माझ्या रक्तापायी तुझं मोडलं, असं म्हणून तो धाकट्या बहिणीपुढे रडला. तारा त्याच्यावर ओरडली म्हणे — “गप ऱ्हा दादा, येडा झालास काय?” आणि मग तीही रडली. त्यानंतर आपल्या दोन्ही मुलींकडे बघताना त्याला काय वाटत असेल, हे मी कधी विचारलं नाही. धाकटीचा एक केस उन्हात पिंगट दिसला तरी तो तिला दिव्याखाली नेऊन बघायचा, असं बायको म्हणाली.

पुढे त्याचं रक्त तयार होणंच मंदावलं. नव्व्याण्णवमध्ये कळव्याच्या इस्पितळात तो वारला. मी दोनदा भेटायला गेलो होतो. दोन्ही वेळा सांगायचं ठरवून गेलो होतो, आणि दोन्ही वेळा मोसंबी देऊन परत आलो. शेवटच्या भेटीत तो म्हणाला, “मास्तर, कंपनीत व्हतो तवा किती बरं व्हतं रे.” मी हो म्हणालो.

तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तारा कचेरीत आली. एकोणतीस वर्षांची, मासळी बाजारातून सरळ आलेली, ओला पदर खोचलेला. तिला निधनाची बातमी द्यायची होती. तिचं लग्न पुढेही झालं नाही. कळव्यापासून कोपरीपर्यंत सगळ्यांना ते कात्रण माहीत होतं. मी कागद ओढला. नाव लिहिलं. पुढे स्वल्पविराम देऊन वय लिहायचं, तसा आमचा शिरस्ता.

“वय टाकू नका, दादा,” ती म्हणाली. “आकडा बघून लोक परत आमच्या घराचं बोलतील. पोरी मोठ्या व्हतायत.”

तेव्हा सांगायचं होतं. माझ्यासमोर बसलेल्या त्या बाईला, त्या क्षणी, ते ऐकायचा हक्क होता. अजून उशीर झालेला नव्हता, निदान त्या दोन मुलींसाठी तरी. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी स्वल्पविराम खोडला. ‘दीर्घ आजाराने’ असं लिहिलं, खाली घरच्यांची नावं घेतली, कागद कंपोझिंगला पाठवला.

ती म्हणाली, “तुमचे लई उपकार झाले.”

मी म्हणालो, “त्यात काय.”